अर्ध्या अंशाचा निर्बंध

लँकेशायर हें नांव मराठी वाचकाला कापडाच्या संबंधानें इतकें परिचित आहे कीं, त्या परगण्यांत कापडावांचून दुसरें कांहीं घडत असेल ही कल्पना सहसा आपल्या मनांत येत नाहीं. १९०५ सालीं पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. विलायती कापड म्हणजे त्या काळीं बव्हंशीं लँकेशायरचें कापड. पुढें १९३१ सालीं गोलमेज परिषदेच्या निमित्तानें गांधीजी विलायतेस गेले असतां मुद्दाम त्याच परगण्यांतील डार्वेन गांवीं गेले, आणि ज्यांच्या पोटावर आपल्या चळवळीमुळें पाय आला त्या गिरणीकामगारांना भेटले. त्या भेटीचें छायाचित्र अनेकांच्या पाहण्यांतलें असेल. तेथील गिरण्यांचे भोंगे आतां थंडावले आहेत. परंतु त्या भेटीनंतर ऐशीं वर्षांनीं, २०११ सालीं, तोच परगणा एका निराळ्याच कारणानें गाजूं लागला. एप्रिलच्या पहिल्या तारखेस, पहाटे साडेतीनच्या सुमारास, ब्लॅकपूल ह्या समुद्रकांठच्या शहराजवळ जमीन हालली. धक्का लहान होता. रिश्टर मापावर २.३ अंशांचा. मे महिन्यांत दुसरा झाला, तो १.५ अंशांचा. हानि म्हणण्यासारखी कांहीं झाली नाहीं. पण जवळच प्रीझ हॉल येथें क्वाड्रिला नांवाची कंपनी जमिनीखालच्या वायूसाठीं खडक फोडीत होती, आणि धक्क्यांच्या वेळा तिच्या पंपांच्या वेळांशीं जुळत होत्या.

ह्या लहानशा धक्क्यांतून इंग्लंडांत एक निर्बंध जन्मास आला. खडक फोडीत असतां अर्ध्या अंशाएवढा भूकंप झाला कीं काम थांबवावें, असा तो निर्बंध. अर्धा अंश म्हणजे यंत्राची सुई हालते, पण माणसाला पत्ताहि लागत नाहीं, इतका बारीक कंप. ह्या आंकड्याची कोणीं थट्टा केली, कोणीं त्याला आपलें कवच मानलें. तो असा चमत्कारिक रीतीनें लहान कां ठरला, हें कळण्यासाठीं मात्र लँकेशायर सोडून अमेरिकेंत जावें लागतें. आणि तेथून परत येतांना वाटेंत आपली कोयनाहि लागते.

आधीं ही खडकफोड म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. शेल हा खडक मूळचा चिखल. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्रतळाशीं सांचलेला गाळ दबून दबून त्याचा पाटीसारखा थरांचा दगड झाला, आणि गाळांतील सेंद्रिय द्रव्याचा वायु होऊन तो त्याच दगडांत कोंडला गेला. साध्या विहिरीनें हा वायु बाहेर येत नाहीं, कारण दगडाला वाटाच नाहींत. म्हणून विहीर प्रथम सरळ खालीं नेऊन मग थराच्या अंगानें आडवी वळवितात, नळीला भोंकें पाडतात, आणि वाळू मिसळलेलें पाणी प्रचंड दाबानें आंत लोटतात. खडकाला बारीक चिरा पडतात. दाब काढून घेतला तरी वाळूचे कण त्या चिरा मिटूं देत नाहींत. आणि वायु नळीच्या वाटेनें वर येतो. पाण्यांत थोडीं रसायनेंहि असतात, कांहीं घर्षण कमी करण्यासाठीं, कांहीं जंतु मारण्यासाठीं. इंग्रजींत ह्या क्रियेला फ्रॅकिंग असें आटोपशीर नांव आहे.

कल्पना नवी नाहीं. अमेरिकेच्या यादवी युद्धांत लढलेल्या एडवर्ड रॉबर्ट्स नांवाच्या गृहस्थानें १८६५ सालींच पेनसिल्व्हानियांतील तेलाच्या विहिरींत स्फोटक नळा सोडून खडक उडविण्याचें पेटंट मिळविलें. विहिरींत पाणी भरून ठेवावयाचें, म्हणजे स्फोटाचा जोर वर न जातां आडवा जातो, ही त्याची युक्ति. त्याची फी चुकविण्यासाठीं पुष्कळ लोक रात्रीच्या अंधारांत चोरून नायट्रोग्लिसरीन विहिरींत सोडीत, आणि त्यांतले कित्येक आपल्याच मालासकट उडून जात. अर्थात् ह्या धंद्यांत धोका आणि नियमभंग हे प्रथमपासूनचे सोबती आहेत. स्फोटाच्या जागीं पातळ द्रव्याचा दाब वापरण्याचा पहिला प्रयोग १९४७ सालीं कॅन्ससमधील ह्यूगोटन येथें झाला. १९४९ पासून त्याचा व्यापार सुरू झाला. तरी शेलचा दगड दाद देईना. टेक्सासमध्यें जॉर्ज मिचेल ह्या ग्रीक धनगराच्या मुलानें अनेक वर्षें पैसा ओतल्यावर, १९९८च्या सुमारास, दाट रसायनांऐवजीं बहुतांशीं साध्या पाण्यानेंच काम होतें असें त्याच्या कंपनीस आढळलें. मग काय, दहा वर्षांत अमेरिकेच्या ऊर्जेचा नकाशा पालटला. ह्याच मिचेलनें उतारवयांत, ह्या धंद्यावर कडक सरकारी देखरेख हवी, असें स्पष्ट सांगितलें, ही गोष्ट त्याच्या धंदेबंधूंस फारशी आवडली नसावी.

अमेरिकेंत निर्बंधाचा वाद चालला तो मुख्यतः पिण्याच्या पाण्यावरून. जमिनींत द्रव्य सोडण्यावर लक्ष ठेवणारा कायदा १९७४ सालीं झाला. खडकफोड त्यांत येते असा निकाल अलाबामाच्या एका दाव्यांत १९९७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें दिला. आणि २००५ सालच्या ऊर्जाविषयक कायद्यानें, डिझेल वापरलें असेल तेवढें सोडून, खडकफोड त्यांतून पुन्हा वगळली. त्या वेळीं उपाध्यक्ष असलेले डिक चेनी पूर्वीं हॅलिबर्टन ह्या खडकफोडीच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकीं एकीचे प्रमुख होते. त्यामुळें ह्या सवलतीला लोकांनीं 'हॅलिबर्टनची पळवाट' असें नांव ठेवलें. पुढें २०१६ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण-खात्यानेंच, कांहीं परिस्थितींत ह्या कामानें पिण्याच्या पाण्यास बाधा पोंचूं शकते, असा अहवाल दिला. बाधा बहुधा दोन मैल खोलच्या चिरांतून येत नाहीं. ती येते विहिरीच्या नळीभोंवतीं घातलेलें सीमेंट कच्चें राहिल्यामुळें किंवा वर आलेलें घाण पाणी सांडल्यामुळें. ह्या दोषांना उपाय आहेत. ते करवून घेणारा अधिकारी मात्र खमक्या हवा.

परंतु भूकंपाची गोष्ट निराळी. तेथें चांगलें सीमेंट आणि प्रामाणिक अधिकारी असूनहि भागत नाहीं. हें जगाला प्रथम कळलें तें डेनव्हर शहरीं, आणि तेंहि अपघातानेंच.

डेनव्हरजवळ अमेरिकन सैन्याचा एक कारखाना होता. त्यांत विषारी अस्त्रें व जंतुनाशकें तयार होत. त्याचें घाण पाणी टाकण्यासाठीं १९६१ सालीं बारा हजार फूट खोल विहीर खणली, आणि मार्च १९६२ पासून तींत पाणी दाबानें सोडूं लागले. पुढच्याच महिन्यापासून, भूकंपाची संवय नसलेल्या त्या शहराला धक्के बसूं लागले. १९६३च्या अखेरीपासून कांहीं महिने पाणी सोडणें थांबलें, तेव्हां धक्केहि कमी झाले. पुन्हा सोडूं लागले, तेव्हां पुन्हा वाढले. डेव्हिड एव्हन्स नांवाच्या एका भूगर्भवेत्त्यानें महिन्यागणिक सोडलेलें पाणी आणि महिन्यागणिक झालेले धक्के यांचे दोन आलेख एकाखालीं एक मांडले, आणि नोव्हेंबर १९६५ मध्यें उघडपणें सांगून टाकलें कीं, हे भूकंप विहिरीचे आहेत. सैन्यानें फेब्रुवारी १९६६ मध्यें विहीर बंद केली.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण ती येथेंच सुरू होते. पाणी सोडणें बंद झाल्यावर एक वर्षाहून अधिक काळ लोटला, आणि १९६७ सालीं, एप्रिल, ऑगस्ट व नोव्हेंबर ह्या महिन्यांत, डेनव्हरला सर्वांत मोठे तीन धक्के बसले. प्रत्येक सुमारें पांच अंशांचा. विहिरीचें तोंड बंद, पंप थंड, आणि खडक मात्र आतां कोठें जागा होत होता.

ह्याचें कारण घरांत बसून पाहतां येतें. गरम पाण्यानें विसळलेला पेला किंचित् उतरत्या, ओल्या फरशीवर उपडा ठेवावा. थोड्या वेळानें कोणीं न ढकलतां तो सरकूं लागतो. आंतली हवा ऊन होऊन फुगते, पेल्याला किंचित् उचलून धरते, आणि फरशीवरचा त्याचा भार हलका होतो. पेल्याला खालीं ओढणारें बल पूर्वींहि होतेंच. त्याला रोखणारें घर्षण तेवढें कमी झालें. हबर्ट आणि रूबी ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं पर्वतांच्या हालचालींविषयीं हेंच तत्त्व मांडलें होतें; त्यांनीं पेल्याऐवजीं बिअरचा रिकामा डबा घेतला होता, इतकाच फरक. जमिनीच्या पोटांत जुने प्रस्तरभंग असतात. त्यांच्या दोन कडा युगानुयुगें ताणांत परस्परांवर रेलून असतात. पाणी त्या फटींत शिरलें कीं तें पेल्यांतल्या हवेचें काम करतें. आणि पंप बंद केला म्हणून आंत गेलेलें पाणी परत फिरत नाहीं. त्याचा दाब खडकांतून सावकाश पसरत राहतो, आणि आज न गांठलेला प्रस्तरभंग उद्यां गांठतो.

त्याच १९६७ सालीं हा धडा आपल्याला फार महाग किंमत देऊन शिकावा लागला. कोयनेचा शिवाजीसागर १९६२च्या सुमारास भरूं लागला. म्हणजे डेनव्हरची विहीर सुरू झाली तेव्हांच. तलाव भरतांच त्या भागांत लहान धक्के जाणवूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे सवाचारनंतर ६.३ अंशांचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालें. सुमारें दोनशें माणसें दगावलीं. दख्खनचें पठार अढळ आहे हा समज त्या पहाटे कायमचा मोडला. तलावाचें पाणी पंपानें आंत लोटलेलें नव्हतें. त्याचा भार आणि त्याची झिरप यांनींच तें काम केलें, असें आतां बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. एक विलक्षण योगायोग येथें नमूद करण्यासारखा आहे. कोयनेच्या धक्क्याच्या कांहीं तासच आधीं अमेरिकेंत न्यू मेक्सिको येथें वायूचा खडक फोडण्यासाठीं जमिनीखालीं अणुस्फोट करण्यांत आला होता. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु एका गोलार्धांत मनुष्य जाणूनबुजून अणुबाँबनें खडक फोडीत होता, आणि दुसरीकडे न जाणतां पाण्यानें, असा तो दिवस होता. तो अणुस्फोटाचा वायु किरणोत्सर्गी निघाल्यामुळें कोणालाच विकतां आला नाहीं.

डेनव्हरनंतर शास्त्रज्ञांना साहजिकच वाटलें कीं, पाण्यानें भूकंप सुरू होतात तर पाण्यानेंच ते आवरतांहि आले पाहिजेत. कोलोरॅडोंतीलच रेंजली येथील तेलाच्या क्षेत्रांत १९६९ ते १९७३ ह्या काळांत त्यांनीं तसा प्रयोग केला. दाब वाढविला कीं धक्के वाढत, पाणी उपसून दाब उतरविला कीं थांबत. प्रयोग निर्दोष होता. पण मला वाटतें, त्याच्या यशानें एक घोटाळा केला. भूकंप हा नळाच्या तोटीसारखा चालू-बंद करतां येतो, ही समजूत त्यानें रुजविली. आणि डेनव्हरचें तें वर्षभर उशिरा आलेलें उत्तर हळूहळू टिपणांत गेलें.

ह्या समजुतीचें मूर्त स्वरूप म्हणजे 'रस्त्यावरच्या दिव्यांची' पद्धति. धक्के अगदीं बारीक असले तर हिरवा दिवा, काम चालू. जरा वाढले तर पिवळा, जपून. मर्यादा ओलांडली तर तांबडा, पंप बंद. स्वित्झर्लंडांत बासल शहराखालीं, जमिनींतील उष्णतेपासून वीज करण्यासाठीं, २००६च्या डिसेंबरांत खडकांत पाणी सोडलें गेलें, तेव्हां अशीच योजना हाताशीं होती. धक्के वाढतांच काम थांबविण्यांत आलें; आणि थांबविल्यावर त्याच दिवशीं, कांहीं तासांनीं, ३.४ अंशांचा सर्वांत मोठा धक्का बसला. घरांच्या भिंतींना चिरा गेल्या, नुकसानभरपाईचे दावे झाले आणि शेवटीं योजनाच सोडून द्यावी लागली. दिवा तांबडा झाला होता. पण तो पाहून थांबला तो फक्त मनुष्य.

इतका इतिहास पाठीशीं असतां २०११ मध्यें लँकेशायरची जमीन हालली. तेथेंहि १ एप्रिलचा धक्का पंप थांबल्यावर कांहीं तासांनींच आला होता. काम बंद ठेवून चौकशी झाली. कंपनीनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं १.७ अंशांची मर्यादा सुचविली. सरकारनें ग्रीन, स्टाइल्स आणि बॅप्टी ह्या तिघांची स्वतंत्र समिति नेमली; तिनें एप्रिल २०१२ मध्यें ती मर्यादा नाकारून ०.५ ही सांगितली. १.७ ची मर्यादा असती तरी १ एप्रिलचा धक्का टळला नसता, असें तिचें म्हणणें. म्हणजे हा अर्धा अंश धोक्याचा आंकडा नव्हताच. तो धोक्याच्या कितीतरी अलीकडे, उशिरा येणाऱ्या धक्क्याला वाव ठेवून, मारलेला खुंटा होता. सावध कुणबी नदीच्या पुराची खूण पाहून घर बांधतो तो खुणेला लागून बांधीत नाहीं. चार हात वर बांधतो. रॉयल सोसायटीनेंहि त्याच वर्षीं जूनमध्यें, योग्य देखरेख असल्यास ह्या कामांतील धोके आटोक्यांत ठेवतां येतील, असें मत दिलें. आणि डिसेंबरांत एड डेव्ही ह्या मंत्र्यानें अर्ध्या अंशाचा निर्बंध घालून बंदी उठविली.

फ्रान्सनें ह्याआधींच, २०११च्या जुलैमध्यें, कायदा करून खडकफोड बंद करून टाकली होती. इंग्लंडनें मधला मार्ग धरला. पण त्या मार्गावर एक जुनी अडचण होती, आणि माझ्या मतें तिच्याकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं. अमेरिकेंत जमिनीच्या मालकाचा हक्क सामान्यतः खालच्या तेलावायूवरहि चालतो. शेतांत विहीर पडली तर शेतकऱ्याला हिस्सा मिळतो, आणि हादरा गोड लागतो. ब्रिटनमध्यें १९३४ सालच्या कायद्यानें भूगर्भांतील तेल व वायु राजसत्तेचे झालेले आहेत. २०१५ सालीं तर तीनशें मीटरांहून खोल विहीर नेण्यास वरच्या जमीनमालकाची परवानगी नको, असेंहि ठरलें. तेव्हां लँकेशायरच्या रहिवाशाच्या वांट्याला काय आलें? मालमोटारींची वर्दळ, पाण्याविषयींची धास्ती आणि जमिनीचा हादरा. अशा माणसाला अर्धा अंश हाच काय तो आधार. त्याला तो हास्यास्पद कसा वाटावा?

परगण्याच्या मंडळानें २०१५च्या जूनमध्यें प्रेस्टन न्यू रोड येथील नव्या विहिरींस परवानगी नाकारली. लंडनच्या मंत्र्यानें २०१६च्या ऑक्टोबरांत तो निर्णय फिरविला. २०१७ पासून फाटकासमोर रोज निदर्शनें चाललीं. दर बुधवारीं स्त्रिया पांढरा पोषाख करून शांतपणें चालत येत. २०१८च्या सप्टेंबरांत तिघां निदर्शकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ती प्रमाणाबाहेर आहे असें म्हणून वरिष्ठ न्यायालयानें त्यांना पुढच्याच महिन्यांत सोडून दिलें. डार्वेन तेथून फार दूर नाहीं.

१५ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रत्यक्ष खडकफोड सुरू झाली, आणि तांबडा दिवा वारंवार लागूं लागला. आंखलेल्या एकेचाळीस टप्प्यांपैकीं फारच थोडे पुरे झाले. कंपनी म्हणूं लागली, मर्यादा वाढवा, नाहींतर धंदा अशक्य आहे. सरकारनेंच नेमलेल्या शेलवायु-आयुक्त नाताशा एंजेल यांनीं सहा महिन्यांतच, एप्रिल २०१९ मध्यें, हा निर्बंध म्हणजे एक प्रकारची बंदीच आहे, असें सांगून राजीनामा दिला. त्यांच्या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. माणसाला जाणवतहि नाहीं अशा कंपासाठीं कोट्यवधींचें काम थांबावें, हें व्यवहाराला विचित्र दिसतें. परंतु आंकडा कशासाठीं लहान ठेवला होता, हें त्या वादांत दोन्ही बाजूंस विसरावयास झालें होतें.

त्याची आठवण जमिनीनेंच करून दिली. ऑगस्ट २०१९ मध्यें दुसऱ्या विहिरीचें काम सुरू झालें. २१ तारखेस १.६ अंशांचा धक्का झाला. २३ तारखेनंतर पंप चालले नाहींत. २४ तारखेस २.१ अंशांचा झाला. आणि २६ तारखेस, सोमवारीं सुटीच्या दिवशीं सकाळीं साडेआठाच्या सुमारास, पंप थांबून जवळजवळ तीन दिवस झाले असतां, २.९ अंशांचा. घरांतून भांडीं हालल्याच्या, गिलाव्याला चिरा गेल्याच्या तक्रारी आल्या. रिश्टर मापाची चढण पायरीगणिक दसपटीची असते. ०.५ आणि २.९ यांच्यामध्यें कंपाच्या विस्तारांत सुमारें अडीचशेंपट आणि ऊर्जेंत सुमारें चार हजारपट अंतर पडतें. खुंटा चार हात वर मारला होता; पूर त्याच्याहि वर आला. जे मर्यादा दीड-दोन अंशांवर न्या म्हणत होते त्यांच्या मतानें चाललें असतें तर काय झालें असतें, हें सांगतां येत नाहीं. आणि नेमकें हेंच, म्हणजे धक्का होईल कीं नाहीं व झाला तर केवढा होईल हें आधीं सांगतां येत नाहीं, असें सरकारी तेल-वायु खात्याच्या अहवालानेंहि म्हटलें. त्या अहवालावर २ नोव्हेंबर २०१९ रोजीं इंग्लंडांतील खडकफोड स्थगित झाली.

पुढचें प्रकरण राजकारणाचें आहे, आणि तें लवकर आटोपतें. युक्रेनच्या युद्धानें वायूचे भाव भडकले. सप्टेंबर २०२२ मध्यें लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, आणि २२ तारखेस स्थगिति उठली. त्याच दिवशीं ब्रिटनच्या भूगर्भखात्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अशा भूकंपांचें भाकित करणें हें अजूनहि शास्त्रापुढचें अवघड कोडेंच आहे, असें त्यांत होतें. १९ ऑक्टोबरला ह्याच प्रश्नावर पार्लमेंटांत मतदान झालें, त्या वेळीं सत्तारूढ पक्षांत अभूतपूर्व गोंधळ माजला. दुसऱ्या दिवशीं, त्याआधींच्या इतर अनेक कारणांची भर पडून, ट्रस यांनीं राजीनामा जाहीर केला. २६ ऑक्टोबरला त्यांच्या जागीं आलेल्या ऋषि सुनक यांनीं स्थगिति पुन्हा लागू केली. ती उठून पुरते पांच आठवडेहि झाले नव्हते, आणि तेवढ्या अवधींत लँकेशायरच्या खडकांत पाण्याचा एक थेंबहि उतरला नव्हता.